ओल्ड टॅस्कोसा: कॅनेडियन नदीकाठचं उठून गेलेलं गाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅस्कोसा नेमकं कुठे आहे?

अमेरिकेत, टेक्सास राज्याच्या वायव्य टोकाला. नकाशावर टेक्सासचा जो चौकोनी भाग वर निघालेला दिसतो, त्याला तिथे ‘पॅनहँडल’, म्हणजे तव्याचा दांडा, म्हणतात. त्या भागात ओल्डहम नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्या-जिल्ह्यासारखा कारभाराचा घटक. या काउंटीत कॅनेडियन नदीच्या उत्तर काठावर टॅस्कोसा वसलं होतं. आजचं अमरिलो शहर तिथून आग्नेयेला मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे.

अशा उठून गेलेल्या गावाला अमेरिकेत ‘घोस्ट टाउन’ म्हणतात. आपल्या जुन्या महसुली दप्तरात त्यासाठी ‘बेचिराख गाव’ असा शब्द आहे. गावाचं नाव आणि शिवार कागदावर शिल्लक असतं, पण चूल एकही पेटत नाही. टॅस्कोसाला हाच शब्द बरोबर बसतो, कारण इथे भुताखेतांच्या गोष्टी नाहीत. इथे गुरं, मेंढ्या, पगार, कुंपण आणि रेल्वे यांच्या गोष्टी आहेत.

नावाचा अर्थ काय? आणि नदीचा कॅनडाशी काही संबंध आहे का?

गावाजवळून आतास्कोसा नावाचा ओढा वाहत होता. स्पॅनिशमध्ये ‘आतास्कोसा’ म्हणजे दलदलीची, पाय रुतणारी जागा. टपाल कार्यालय मागायची वेळ आली तेव्हा याच नावाचं एक ठिकाण टेक्सासमध्ये आधीच होतं. म्हणून पुढचा ‘आ’ गळाला आणि टॅस्कोसा झालं.

ही नदी कॅनडापासून शेकडो कोस दूर आहे. रॉकी पर्वतराजीच्या पूर्व बाजूने निघून न्यू मेक्सिको, टेक्सास आणि ओक्लाहोमा ओलांडत ती आर्कन्सॉ नदीला मिळते. नावाच्या उगमाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. स्पॅनिश ‘कान्यादा’, म्हणजे दरी किंवा घळ, यावरून ते आलं असावं असं बरेच जण मानतात. नदीचं पात्र रुंद आणि वाळूचं. वर्षातले बरेच महिने पाणी घोट्याएवढं, पण खालची वाळू दगा देणारी. लांबून टणक दिसते आणि गाडी घातली की चाक तुंब्यापर्यंत आत जातं.

काउबॉय येण्याआधी इथे कोण होतं?

कोमांचे आणि कायोवा हे मूळ रहिवासी. हा सगळा माळ त्यांचा होता आणि त्यांचं जगणं रानगव्यांच्या, म्हणजे बायसनच्या कळपांवर चालायचं. न्यू मेक्सिकोतले स्पॅनिश बोलणारे व्यापारी कॅनेडियनच्या खोऱ्यातून गाड्या घेऊन येत आणि त्यांच्याशी देवाणघेवाण करत. या व्यापाऱ्यांना ‘कोमांचेरो’ म्हणत. म्हणजे ही वाट टॅस्कोसाच्या कितीतरी आधी मळलेली होती.

१८७४-७५ मध्ये अमेरिकी सैन्याने ‘रेड रिव्हर युद्ध’ म्हणून ओळखली जाणारी मोहीम चालवली. त्याच सुमारास कातड्यासाठी शिकार करणाऱ्यांनी बायसनचे कळप संपवत आणले. जून १८७५ मध्ये कोमांच्यांचा पुढारी क्वाना पार्कर शरण आला आणि उरलेल्या लोकांना ओक्लाहोमातल्या राखीव जागेत नेऊन ठेवलं. माळ ‘मोकळा’ झाला असं जुन्या लिखाणात सर्रास म्हटलेलं असतं. तो मोकळा केला गेला. टॅस्कोसाची गोष्ट सांगताना सुरुवात इथूनच केली पाहिजे.

मग गाव वसवलं कोणी?

मेंढपाळांनी. पाहुणा विचारतो काउबॉयबद्दल, पण गावाची पहिली भिंत घातली ती न्यू मेक्सिकोतून आलेल्या ‘पास्तोरेस’नी, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या लोकांनी.

१८७६ च्या नोव्हेंबरात कासिमेरो रोमेरो आणि आगापितो सांदोवाल हे दोघे मोरा परगण्यातून आपापली कुटुंबं, गडीमाणसं आणि सुमारे ३,००० मेंढ्या घेऊन निघाले आणि आतास्कोसा ओढ्याजवळ येऊन थांबले. मेंढ्या घेऊन चाऱ्यापाण्याच्या मागे फिरणं आणि बरी जागा दिसली की तळ टाकणं ही रीत आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको. रोमेरोने मात्र नुसता तळ टाकला नाही, घर बांधलं. माती, पाणी आणि गवत कालवायचं, साच्यात विटा पाडायच्या, उन्हात वाळवायच्या आणि न भाजता त्याच रचायच्या. वर लाकडाचे वासे आणि त्यावर मातीचं सपाट छप्पर. आपल्याकडच्या धाब्याच्या घराची आठवण व्हावी असं ते बांधकाम. अशी घरं उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहतात. पावसापुराशी मात्र त्यांचं जमत नाही, आणि ती गोष्ट पुढे येणार आहे.

त्यांच्या मागोमाग आणखी कुटुंबं आली आणि नदीकाठाने छोट्या छोट्या वस्त्या झाल्या. त्यांना ‘प्लाझा’ म्हणत. लोकांनी ओढ्याचं पाणी पाटाने वळवून भाजीपाला आणि धान्य पिकवलं. म्हणजे चराई होती, शेती होती, कुटुंबकबिला होता. बाजारपेठेचा टॅस्कोसा यानंतर उभा राहिला. हेन्री किंबॉल नावाच्या माजी सैनिकाने लोहाराचा भाता सुरू केला. १८७७ मध्ये हॉवर्ड आणि राइनहार्ट यांनी किराणा आणि इतर मालाचं दुकान घातलं.

एवढ्या आडबाजूला गाव चाललं कसं?

उतारामुळे. नदीला सगळीकडून उतरता येत नव्हतं. रुतणाऱ्या वाळूत जनावरं आणि गाड्या अडकायच्या. टॅस्कोसाजवळ मात्र पात्राचा तळ बऱ्यापैकी घट्ट होता. त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेला जाणारे गुरांचे तांडे इथे उतरत आणि मालाच्या गाड्याही इथूनच पार होत. शिवाय ओढ्याला गोडं पाणी होतं.

दुसरं कारण म्हणजे जवळपास दुसरं काहीच नव्हतं. सगळ्यात जवळची मोठी बाजारपेठ कॅन्ससमधली डॉज सिटी, आणि ती सुमारे २४० मैलांवर, म्हणजे ३८० किलोमीटरहून दूर. पीठ, कॉफी, काडतुसं, जीन, दारू, कापड, सगळं तिथून बैलांच्या आणि खेचरांच्या गाड्यांवर यायचं. परत जाताना गाड्यांत लोकर आणि कातडी भरायची. दोन-दोन महिने माळावर काढून आलेल्या काउबॉयला पगार खर्चायचा असेल तर दुसरा पर्याय नव्हता.

१८८० च्या अखेरीस ओल्डहम काउंटीचा कारभार सुरू करायचं ठरलं आणि टॅस्कोसा तिचं मुख्यालय झालं. पॅनहँडलमध्ये कारभार सुरू झालेली ही दुसरीच काउंटी. आजूबाजूच्या दहा काउंट्यांना स्वतःची व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे त्यांचे खटलेही इथेच चालत. तारखेला आलेला माणूस रात्री मुक्काम करणार, जेवणार, पिणार. गावाचा धंदा त्यावरही चालला.

आसपासच्या रँच किती मोठ्या होत्या? मालक कोण?

रँच म्हणजे गुरं पाळायची भलीमोठी जागा. त्यांत एलआयटी, एलएक्स आणि एलएस ही तीन नावं सतत भेटतात. ही मालकांची नावं नाहीत, गुरांना दिलेल्या डागाची अक्षरं आहेत. उघड्या माळावर सगळ्यांची गुरं एकत्र चरायची. कोणतं जनावर कोणाचं हे कातडीवरच्या डागावरूनच ठरायचं.

एलआयटी रँच जॉर्ज लिटलफील्डने १८७७ मध्ये उभी केली आणि १८८१ मध्ये एका स्कॉटिश कंपनीला विकली. एलएक्स बॉस्टनच्या बेट्स आणि बील्स यांची होती. १८८४ मध्ये ती लंडनच्या कंपनीकडे गेली. एलएस डब्ल्यू. एम. डी. ली आणि ल्यूशियन स्कॉट यांची. पुढे १८८५ मध्ये या सगळ्यांहून मोठी एक्सआयटी आली. टेक्सास सरकारकडे राज्याचं विधानभवन बांधायला रोख पैसा नव्हता. शिकागोच्या गुंतवणूकदारांनी ऑस्टिनमधलं ते भवन बांधून द्यायचं आणि बदल्यात ३० लाख एकरांहून अधिक जमीन घ्यायची असा सौदा झाला. म्हणजे साधारण १२,००० चौरस किलोमीटर जमीन एका कंपनीकडे गेली.

यातली विक्रीची वर्षं लक्षात ठेवा. मालक घोड्यावरून उतरून एडिंबरा आणि लंडनच्या कचेऱ्यांत गेला. पुढे जे जे घडलं त्याचं मूळ मला इथे दिसतं.

मेंढपाळांचं काय झालं?

ते बाजूला सारले गेले, आणि याबद्दल फार थोडं लिहिलं जातं.

सुरुवातीला समजुतीने चाललं. चार्ल्स गुडनाइट हा पॅनहँडलमधला पहिला मोठा गुरंवाला. १८७५-७६ चा हिवाळा त्याने कॅनेडियनच्या खोऱ्यात काढला आणि पास्तोरेसशी तोंडी करार केला. त्याने कॅनेडियनचं खोरं त्यांच्याकडे सोडायचं आणि त्यांनी दक्षिणेकडच्या पालो ड्यूरो दरीत मेंढ्या आणायच्या नाहीत. दोन्ही बाजूंनी शब्द पाळला. पण हा करार गुडनाइटपुरता होता. मागून आलेल्या रँचवाल्यांना तो बांधील नव्हता.

मेंढीवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरलेल्या कुरणाचा कागद बहुतेकांकडे नव्हता. रँचवाल्यांनी जमिनी विकत किंवा भाडेपट्ट्याने घेतल्या. ज्यांच्याकडे थोडीफार जागा होती त्यांना पैसे देऊन उठवलं, बाकीच्यांना चराई बंद केली. १८८० चं दशक संपेपर्यंत प्लाझा एकेक करून रिकाम्या झाल्या. ज्याने गाव वसवलं तो रोमेरोही पुढे न्यू मेक्सिकोला परतला. डाग नसलेलं कुरण कोणाचं, हा प्रश्न कागदाने सुटला आणि कागद लिहिता-वाचता येणाऱ्यांच्या भाषेत होता.

बिली द किड खरंच इथे आला होता का?

बिली द किड म्हणजे न्यू मेक्सिकोतला गाजलेला तरुण गुंड. तो आला होता, आणि याचा लेखी पुरावा आहे. १८७८ च्या शरद ऋतूत तो साथीदारांसह न्यू मेक्सिकोतून चोरलेले घोडे विकायला टॅस्कोसात आला होता. गावात तेव्हा हेन्री हॉइट नावाचा तरुण डॉक्टर होता. दोघांचं चांगलं जमलं. निघताना बिलीने त्याला एक उमदा घोडा दिला. पण नुसता घोडा दिला तर उद्या डॉक्टरवरच चोरीचा आळ यायचा. म्हणून त्याने दुकानात बसून विक्रीचा कागद लिहून दिला.

तो कागद अजून आहे. गुरुवार, २४ ऑक्टोबर १८७८, टॅस्कोसा, टेक्सास. एक तांबूस घोडा, डाव्या पुठ्ठ्यावर ‘बीबी’ डाग, खांद्यावर आणखी एक अस्पष्ट डाग, किंमत पंचाहत्तर डॉलर, रोख मिळाले. खाली डब्ल्यू. एच. बॉनी अशी बिलीची सही आणि हॉवर्ड व मॅकमास्टर्स या दोन दुकानदारांच्या साक्षी. कॅन्यन गावातल्या पॅनहँडल-प्लेन्स ऐतिहासिक संग्रहालयात तो जपलेला आहे. मला यातला ‘अस्पष्ट डाग’ हा शब्द फार बोलका वाटतो. जनावर किती हात फिरून आलंय हे विकणाऱ्यानेच लिहून ठेवलंय. अक्षर आणि भाषा दोन्ही नीटस आहेत. बिलीला लिहिता येत नव्हतं असं समजणाऱ्यांनी हा कागद जरूर पाहावा.

त्याच्या इथल्या मुक्कामात गावात मोठी मारामारी झाल्याची नोंद नाही. घोडे विकले, पत्ते खेळला, नाचाला गेला आणि निघून गेला.

काउबॉयनी संप केला होता हे खरं आहे का?

खरं आहे. टॅस्कोसाच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची घटना कोणती असं विचारलंत तर माझं उत्तर हेच.

काउबॉय म्हणजे रोजगारी माणूस. महिन्याला पंचवीस ते चाळीस डॉलर मिळायचे. वसंतात गुरं गोळा करायच्या हंगामात पहाटेपासून रात्रीपर्यंत खोगिरावर, वर रात्रीची राखणही. तरी आधी एक आशा होती. पगाराबरोबर स्वतःची चार गुरं पाळायला मालकाची ना नसे. डाग नसलेलं मोकाट वासरू सापडलं तर त्यावर आपला डाग द्यायचा, रँचच्या कुरणात चारायचं आणि दहा वर्षांत आपलाही छोटा कळप उभा करायचा. रँच लिटलफील्डसारख्या एकेका मालकाच्या हातात होत्या तोवर हे चालून जायचं. कंपन्या आल्या आणि हे बंद झालं. मोकाट वासरू कंपनीचं. कामगाराने स्वतःची गुरं ठेवायची नाहीत. पगार मात्र होता तेवढाच.

१८८३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगवेगळ्या रँचचे गडी एकत्र जमले आणि त्यांनी एक कागद तयार केला. पुढारी एलएसचा टॉम हॅरिस. कागदावर २४ सह्या. मजकूर थोडक्यात असा होता: ३१ मार्चनंतर आम्ही महिना पन्नास डॉलरच्या खाली काम करणार नाही आणि दुसऱ्या कोणालाही करू देणार नाही. चांगल्या आचाऱ्यालाही पन्नासच मिळाले पाहिजेत. टोळी चालवणाऱ्या मुकादमाला पंचाहत्तर. हा करार मोडणाऱ्याने परिणाम भोगावेत. आणि ३१ मार्चनंतर ज्यांच्याकडे जेवणाखाण्याला पैसे नसतील त्यांची टॅस्कोसात तीस दिवस सोय केली जाईल.

शेवटचं कलम पुन्हा वाचा. एकाकी, बेदरकार, कोणाची पर्वा न करणारा असा जो काउबॉय आपल्याला पडद्यावर दाखवला गेला, त्याने इथे आचाऱ्याचा पगार स्वतःच्या बरोबरीने मागितलाय आणि उपाशी राहणाऱ्या सोबत्याच्या जेवणाची तरतूद लिहून ठेवलीय. गिरणगावात संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोणालाही हा कागद परका वाटणार नाही.

संप पाच रँचवर झाला: एलआयटी, एलएस, एलएक्स, एलई आणि टी अँकर. वसंताचा गुरं गोळा करायचा हंगाम तोंडावर होता, म्हणजे वेळ अचूक साधली होती. सामील झालेल्यांचा आकडा ३० पासून ३२५ पर्यंत सांगितला जातो. माणसं येत-जात राहिल्यामुळे तो रोज बदलत होता.

संप यशस्वी झाला का?

नाही. सुमारे अडीच महिन्यांनी तो विरून गेला. टी अँकर आणि एलई यांनी संपवाल्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. एलएस आणि एलआयटी यांनी थोडी वाढ देऊ केली आणि ज्यांनी ती नाकारली त्यांना काढून टाकलं. बाहेरून गडी मिळत होते. त्यांना तेवढ्यापुरता जास्त पगार देऊन हंगाम निभावून नेला. संपाचा निधी लहान होता, आणि तळ टॅस्कोसाजवळ पडलेला असल्यामुळे त्यातला बराच गावच्या दारूगुत्त्यांत गेला.

पुढचा परिणाम मात्र गावाला भोगावा लागला. कामावरून काढलेल्यांची नावं काळ्या यादीत गेली. काहींनी छोट्या रँच काढल्या, आणि मोठ्या कळपांतून गुरं कमी होऊ लागली. मालकांच्या लेखी ती चोरी होती. काढलेल्या गड्यांच्या लेखी आपला जुना हक्क होता. गाव दोन तटांत विभागलं गेलं, लहान आणि मोठे.

पॅट गॅरेटचा टॅस्कोसाशी काय संबंध?

बिली द किडला १८८१ मध्ये गोळी घालणारा तो हाच शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख. १८८४ मध्ये रँचवाल्यांनी गुरांची चोरी थांबवायला एक खाजगी सशस्त्र तुकडी उभारली आणि तिचा म्होरक्या म्हणून त्याला नेमलं. गावात लोक तिला ‘होम रेंजर्स’ म्हणत. गॅरेट फार काळ राहिला नाही आणि १८८५ मध्ये तुकडी मोडली. गेलेल्या तुकडीबद्दलची चीड मात्र गावात राहिली, आणि तुकडीतले काही जण एलएसच्या नोकरीतही राहिले.

१८८६ च्या गोळीबारात काय झालं?

२१ मार्च १८८६ च्या पहाटे, नाच आटोपून लोक घरी निघाले असताना, एड किंग हा एलएसचा माणूस रस्त्यावर गोळी लागून पडला. त्याचे साथीदार फ्रँक व्हॅली आणि फ्रेड चिल्टन सूड घ्यायला धावले आणि जेन्किन्स-डन यांच्या गुत्त्याच्या मागच्या बाजूला तेही मारले गेले. विरुद्ध बाजूला लेन वूडरफ आणि त्याचे मित्र होते. चौथा बळी जेसी शीट्सचा. तो खानावळ चालवायचा, आवाज ऐकून दारात आला आणि गोळी लागून गेला. त्याचं दोन्ही तटांशी काही देणंघेणं नव्हतं.

चारही जणांना बूट हिल दफनभूमीत पुरलं. खटले चालले आणि आरोपी सुटले. बायकांवरून झालेलं भांडण असं याचं वर्णन केलं जातं आणि ते निमित्त असेलही. पण मेलेल्यांपैकी तिघे एलएसचे होते, समोरचे लहान रँचवाल्यांच्या बाजूचे होते आणि संपाला तीनच वर्षं झाली होती. मला हा गोळीबार त्या संपाचंच शेपूट वाटतो.

गावात कायम गोळीबार चालायचे का?

नाही. गावात लोहार होता, कापडाची दुकानं होती, न्यायालय होतं, आणि १२ जून १८८६ पासून ‘टॅस्कोसा पायोनियर’ नावाचं साप्ताहिकही निघत होतं. संपादक सी. एफ. रुडॉल्फ रेल्वे येणार, पूल होणार, गाव मोठं होणार असं पोटतिडकीने लिहायचा. पूर्वेला थोड्या अंतरावर ‘हॉगटाउन’ नावाचा खालचा मोहल्ला होता. नाचघरं आणि तिथल्या बायका तिकडे. ‘रॉकिंग चेअर एमा’, ‘बॉक्सकार जेन’ अशा टोपणनावांनीच त्या नोंदल्या गेल्या. खरी नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

मग गाव मेलं कशाने? काटेरी तारेने?

आधी तारेने, मग रेल्वेने. बंदुकीने नक्कीच नाही.

तारेची गोष्ट अशी. हिवाळ्यात उत्तरेकडून बर्फाचं वादळ आलं की गुरं त्याला पाठ करून दक्षिणेकडे सरकतात आणि आडोसा मिळेपर्यंत थांबत नाहीत. दरवर्षी कॅन्सस-ओक्लाहोमाकडची हजारो गुरं अशी कॅनेडियनच्या खोऱ्यात येऊन इथलं गवत खाऊन टाकायची. म्हणून १८८१ ते १८८५ च्या दरम्यान रँचवाल्यांनी नदीच्या उत्तरेला पूर्व-पश्चिम असं लांबच लांब काटेरी कुंपण घातलं. पॅनहँडलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सुमारे २०० मैल.

जानेवारी १८८६ मध्ये भीषण हिमवादळ आलं. गुरं नेहमीप्रमाणे दक्षिणेकडे निघाली आणि तारेशी येऊन अडली. मागची पुढच्यांवर रेटत राहिली. पुढे जाता येईना आणि वाऱ्याकडे तोंड करून मागे फिरणं गुराच्या स्वभावात नाही. उभ्याउभ्या गोठून ती तारेलगत मेली. बर्फ वितळल्यावर कुंपणाच्या कडेने मैलोन्मैल सांगाड्यांची रांग होती. पुढच्याच हिवाळ्याने पुन्हा झोडपलं आणि गुरांचा भावही पडला. परदेशी गुंतवणूकदार हात काढून घेऊ लागले.

कुंपणाने गावाचा धंदाही तोडला. माळ तारांनी बंद झाला तसे गुरांचे तांडे येईनासे झाले आणि उताराचं महत्त्व गेलं. कुंपण असलं की राखायला माणसंही कमी लागतात. त्यात एक्सआयटीने आपल्या गड्यांना दारू, जुगार आणि कमरेला पिस्तूल या तिन्हींची बंदी घातली. टॅस्कोसाच्या निम्म्या दुकानदारीचं गिऱ्हाईकच गेलं.

आणि रेल्वे?

रेल्वे आली, पण गावात आली नाही. १८८७ मध्ये फोर्ट वर्थ अँड डेन्व्हर सिटी रेल्वेचा मार्ग या भागातून गेला आणि स्टेशन नदीच्या पलीकडे झालं. मध्ये तीच वाळू. ज्या नदीच्या उतारामुळे गाव वसलं होतं, तीच आता स्टेशन आणि बाजार यांच्या मध्ये आडवी होती. त्याच वर्षी, त्याच रुळांवर अमरिलो वसलं आणि थोड्याच काळात गुरं चढवायचं मोठं ठिकाण बनलं. २४० मैलांवरून गाडीने माल आणायची गरज उरली नाही, म्हणजे टॅस्कोसाच्या व्यापाऱ्याचीही गरज उरली नाही. १८९१ मध्ये ‘पायोनियर’ बंद पडला.

शेवटचा घाव कोणता?

१८९३ मध्ये नदीला मोठा पूर आला. मातीच्या कच्च्या विटांची घरं पाण्यात विरघळली. ज्यांचं घर गेलं त्यांनी पुन्हा बांधलं नाही, कारण बांधून करायचं काय हा प्रश्न होता. तरीही १८८४ मध्ये बांधलेली दगडी न्यायालयाची इमारत उभी होती आणि कागदोपत्री मुख्यालय तिथेच होतं. त्या आधारावर गाव आणखी बावीस वर्षं तगलं. १९१५ मध्ये मुख्यालय दक्षिणेला, रेल्वेमार्गावरच्या व्हेगा गावी गेलं. तेव्हा टॅस्कोसात राहणारे लोक बोटांवर मोजण्याइतके होते.

गावात शेवटी कोण राहिलं?

एलिझाबेथ मॅककॉर्मिक. सगळे तिला ‘फ्रेंची’ म्हणायचे. लुइझियानाकडून आलेली, फ्रेंच बोलणारी, पॅनहँडलमधल्याच मोबीटी गावच्या नाचघरात काम करणारी तरुणी. तिथे तिला मिकी मॅककॉर्मिक भेटला. तो जुगारी होता आणि टॅस्कोसात घोड्यांचा तबेलाही चालवायचा. १८८१ मध्ये दोघांनी लग्न केलं. गावाचा भरभराटीचा काळ आणि उतरता काळ दोन्ही त्यांनी एकत्र पाहिले.

१९१२ मध्ये मिकी गेला. त्याची कबर घरापासून जवळच होती आणि ती सोडून जायला फ्रेंची तयार झाली नाही. शेजारी गेले, मुख्यालय गेलं, टपाल गेलं. ती आपल्या मातीच्या घरात एकटी राहिली, वीज नाही, नळ नाही, अशी सत्तावीस वर्षं. बातमीदार यायचे, तिची हकीकत विचारायचे. ती गावाबद्दल बोलायची, पण माहेरचं नाव तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. १९३९ मध्ये तब्येत फारच ढासळली तेव्हा तिला जवळच्या चॅनिंग गावी नेलं. मेल्यावर मिकीशेजारी पुरायचं, या अटीवरच ती निघाली. १२ जानेवारी १९४१ ला ती गेली आणि अट पाळली गेली.

आज तिथे काय आहे?

फ्रेंचीने गाव सोडलं त्याच वर्षी, म्हणजे १९३९ मध्ये, गाव एका वेगळ्या रूपाने पुन्हा नांदतं झालं. अमरिलोचा व्यावसायिक आणि एकेकाळचा कुस्तीगीर कॅल फार्ली निराधार मुलांसाठी जागा शोधत होता. रँचमालक ज्युलियन बिव्हिन्सने जुन्या न्यायालयासह १२० एकर जमीन दिली. पहिली मूठभर मुलं त्या न्यायालयाच्या इमारतीतच राहिली. ‘बॉइज रँच’ ही संस्था आजही तिथे आहे. पुढे मुलींनाही प्रवेश मिळू लागला. न्यायालयाच्या इमारतीत आता ज्युलियन बिव्हिन्स संग्रहालय आहे.

रोमेरोच्या मातीच्या घरांपैकी काही उरलेलं नाही. रस्ते, गुत्ते, हॉगटाउन, सगळं गेलं.

पाहायला जायचं तर?

अमरिलोहून पश्चिमेला व्हेगापर्यंत जायचं आणि तिथून ३८५ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला. नदीवरचा पूल ओलांडला की बॉइज रँचचा फाटा लागतो. ती मुलांची राहती संस्था आहे, तेव्हा आधी विचारून, वेळ घेऊनच जावं. कॅन्यनच्या संग्रहालयाचंही तसंच, निघण्यापूर्वी ते उघडं आहे का याची खात्री करावी.

पुलावर दोन मिनिटं थांबून खालचं पात्र बघा. रुंद वाळूतून पाण्याची बारीक धार जाताना दिसते. आधी पाणी कुठे टणक तळावरून वाहतंय ते शोधायचं आणि मगच बैल घालायचे, हे गाडीवानाचं काम तिथून बरोबर लक्षात येतं.

बहुतेक लोक बूट हिलवर जाऊन, फोटो काढून परततात. रोमेरो दफनभूमीतही जा. मिकी आणि फ्रेंची तिथेच आहेत, आणि ज्यांच्या मेंढ्यांमुळे हे गाव झालं त्या माणसांच्या कबरीही.